‘हे कुठे लिहिलंय?’ : फोन अपग्रेड करताना विक्रेत्याचा शब्द कसा तपासावा

‘‘काका, सोळा जीबी रॅम आहे. पाच वर्षं बघायला नको.’’

काउंटरपलीकडचा मुलगा मामांना सांगत होता आणि मामा माना डोलावत होते. मी तोच डेमोचा फोन उचलला आणि सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघडलं. रॅमपुढे लिहिलं होतं : ८ जीबी + ८ जीबी. मी स्क्रीन त्याच्यापुढे धरली.

‘‘हो ना, तेच. आठ आणि आठ सोळाच झाले की.’’

बेरीज बरोबर होती. पण त्यातले दुसरे आठ जीबी म्हणजे रॅम, म्हणजे चालू ॲप्स हाताशी ठेवणारी वेगवान स्मृती, नव्हेच. फोनच्या साठवणुकीतली जागा उसनी घेऊन ती रॅमच्या नावावर दाखवलेली असते. हा मुलगा खोटारडा नव्हता, त्याला शिकवलेलं तो म्हणत होता. फोनविक्रीतली फसवी आश्वासनं बहुतेक अशीच असतात : निम्मी खरी, आणि उरलेलं निम्मं दुसरीकडे कुठेतरी बारीक अक्षरात. म्हणून विक्रेत्याशी वाद घालण्यापेक्षा, तो बोलतोय ते नेमकं कुठे लिहिलंय हे शोधणं जास्त उपयोगी पडतं. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : दुकानात जाण्याआधी जुन्या फोनचा निकाल लावा

‘‘हा फोन आता जुना झाला, स्लो होणारच’’ हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चालणारं वाक्य. फोन खरंच मंद झाला असेल, पण का, हे आधी बघा.

पहिला संशय बॅटरीवर घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी थकलेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. लोकांना हे सांगितलं नव्हतं. असे फोन नवी बॅटरी टाकल्यावर पुन्हा पूर्ववत चालायचे, आणि तोवर कित्येकांनी नवा फोन घेऊनही टाकला होता. फ्रान्समध्ये याच कारणावरून २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. आयफोनमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ सेटिंग्जमध्येच दिसतं. अनेक नव्या अँड्रॉइड फोनमध्येही बॅटरीची अवस्था किंवा चार्जिंगची आवर्तनं (बॅटरी पूर्ण भरून पूर्ण वापरली की एक) किती झाली ते बघता येतं. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर आधी बॅटरी बदलण्याचा खर्च विचारा.

दुसरं, साठवण जवळजवळ भरली असेल तर कुठलाही फोन रखडतो. आणि तिसरं, सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षांपूर्वी थांबली असेल आणि त्या फोनवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करत असाल, तर मात्र फोन बदलण्याला खरं कारण आहे. ते कारण कागदावर एका ओळीत लिहा : ‘अपडेट बंद’, ‘कॅमेरा फुटला’, जे असेल ते. काउंटरवर ती ओळ फार कामाला येते, कारण तिथे गेल्यावर आपण आलो कशासाठी हेच माणूस विसरतो.

दुसरी पायरी : वाक्य त्याच्याच शब्दांत टिपा

विक्रेता बोलत असताना फोनच्या नोट्समध्ये त्याची वाक्यं जशीच्या तशी लिहा. ‘पाण्यात पडला तरी काही होत नाही.’ ‘सात वर्षं अपडेट.’ ‘व्याज शून्य.’ मग प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न : हे कुठे लिहिलंय?

उत्तर चारच ठिकाणी मिळू शकतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये, उत्पादक कंपनीच्या अधिकृत पानावर (तळटिपांसकट), खोक्यावरच्या लेबलवर, नाहीतर बिलावर किंवा योजनेच्या कागदावर. या चारपैकी कुठेच सापडलं नाही, तर ते वाक्य किमतीच्या हिशेबात धरू नका. मग भले तो फोन तुम्ही इतर कारणांसाठी घ्या.

आपण टिपून घेतोय हे दिसलं की बोलणाऱ्याची भाषाही बदलते, हा माझा अनुभव. ‘‘काही होत नाही’’चं ‘‘सहसा काही होत नाही’’ व्हायला दोन मिनिटं पुरतात.

तिसरी पायरी : ठरलेल्या दाव्यांची ठरलेली गोम

*रॅम.* ‘रॅम विस्तार’, ‘व्हर्च्युअल रॅम’, ‘डायनॅमिक रॅम’ ही सगळी एकाच गोष्टीची नावं. आजच्या चांगल्या फोनमधली खरी रॅम सेकंदाला ६० जीबीच्या वर माहिती हलवू शकते, तर यूएफएस ४.० सारखी वेगवान साठवणही ४ जीबीच्या आसपासच थांबते. तेव्हा उसन्या जागेने मागे राहिलेली ॲप्स थोडी जास्त वेळ तग धरतील, फोन वेगवान होणार नाही. ‘अधिक’ चिन्हाच्या आधीचाच आकडा धरा.

*कॅमेरा.* २०० मेगापिक्सेलचा सेन्सर रोजच्या वापरात सहसा सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. १०८ चा नऊ-नऊ एकत्र करून १२ चा देतो. यात वाईट काही नाही, उलट कमी उजेडात त्याने फायदाच होतो. पण ‘‘तुमच्या पन्नासच्या चौपट’’ हे गणित खोटं ठरतं. ‘चार कॅमेरे’ म्हटलं की मॅक्रो (अगदी जवळच्या फोटोंसाठीचा) आणि डेप्थ (अंतर मोजणारा) हे कॅमेरे किती मेगापिक्सेलचे ते विचारा. दोन-दोनचे असतील तर कॅमेरे दोनच समजा.

जाहिरातीतल्या नमुना फोटोंवर तर मुळीच जाऊ नका. सप्टेंबर २०१२ मध्ये नोकियाने ल्युमिया ९२० च्या स्थिर चित्रीकरणाचा व्हिडिओ दाखवला : सायकलवरची मुलगी, हलकं हलतं दृश्य. मागच्या एका काचेत प्रतिबिंब दिसलं, त्यात पांढऱ्या व्हॅनमध्ये मोठा कॅमेरा घेतलेला माणूस! तो व्हिडिओ त्या फोनने काढलेलाच नव्हता. कंपनीला माफी मागावी लागली. तपासायचं असेल तर डेमोच्या फोनने दुकानातलीच एखादी अंधारी कपाट-मागची जागा आणि एखादा हलणारा माणूस असे दोन फोटो काढा, आणि ते झूम करून बघा.

*स्क्रीन आणि वेग.* ‘४००० निट्स’ (निट हे उजळपणाचं माप) हा कमाल आकडा बहुधा स्क्रीनच्या छोट्याशा भागावर क्षणभर मिळणारा असतो. उन्हात पूर्ण स्क्रीन किती उजळते हा वेगळा, बराच लहान आकडा, आणि तो अनेकदा तळटिपेत असतो. वेगाच्या चाचणीत मिळणाऱ्या गुणांचंही तसंच. मार्च २०२२ मध्ये गीकबेंच या वेग मोजणाऱ्या ॲपने सॅमसंगचे एस१० ते एस२२ या मालिकांतले काही फोन आपल्या यादीतून काढले, कारण त्यांतलं सॉफ्टवेअर हजारो ॲप्सचा वेग रोखत होतं आणि चाचणीच्या ॲप्सना मात्र सोडत होतं.

*चार्जिंग.* ‘१५ मिनिटांत ५० टक्के’ हे कंपनीचाच ठरावीक चार्जर आणि ठरावीक केबल असेल तरच, आणि अनेकदा फोन बंद किंवा स्क्रीन बंद असताना. तो चार्जर खोक्यात आहे का? ॲपलने ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ बरोबर चार्जर देणं थांबवलं, पाठोपाठ इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. घरातला जुना चार्जर लावला तर फोन चार्ज होईल, पण जाहिरातीतल्या वेगाने नाही.

*पाणी.* इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात महागात पडणारं आश्वासन हेच. आयपी६८ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा. त्यातला ६ धुळीसाठी, ८ पाण्यासाठी. आठचा अर्थ एक मीटरपेक्षा जास्त खोली, नेमकी किती आणि किती वेळ हे उत्पादक ठरवतो. ही चाचणी प्रयोगशाळेत होते, नव्या फोनवर, स्थिर गोड्या पाण्यात. समुद्राचं खारं पाणी, क्लोरीनचा पोहण्याचा तलाव, नळाची जोराची धार, साबण यांतलं काहीच त्यात धरलेलं नसतं. शिवाय फोन एकदा आपटला किंवा उघडून दुरुस्त केला, की आतलं सील पहिल्यासारखं राहील याची खात्री नाही.

आणि खरी मेख वॉरंटीत आहे. फोन ‘पाणीरोधक’ म्हणून विकला जातो आणि वॉरंटीच्या कागदात ‘द्रवामुळे झालेलं नुकसान समाविष्ट नाही’ असं लिहिलेलं असतं. आत पाणी लागलं की रंग बदलणारी एक खूण असते. ती रंगली की सर्व्हिस सेंटर हात वर करतं. याच विसंगतीवरून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला एक कोटी युरोंचा दंड केला. ऑस्ट्रेलियात सॅमसंगने तलावात आणि समुद्रात फोन वापरताना दाखवले होते. पाणी लागलेला फोन चार्ज केला तर चार्जिंगच्या जागी गंज येऊ शकतो ही अडचण त्या जाहिरातींत नव्हती. जून २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने एक कोटी चाळीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. तर विक्रेत्याला विचारायचं एवढंच : ‘‘पाणी जाऊन बिघडला तर वॉरंटीत बसेल, हे कुठे लिहिलंय?’’

*अपडेट.* गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षं अपडेटचं वचन दिलं. तेव्हापासून ‘सात वर्षं’ हे शब्द काउंटरवर कुठल्याही फोनला चिकटवले जातात. तीन गोष्टी तपासा. वचन नेमक्या याच मॉडेलला आहे का, की त्याच कंपनीच्या महागड्या भावंडाला? अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या किती आणि नुसती सुरक्षा अपडेट किती? आणि मोजणी कधीपासून? मोजणी सहसा फोन बाजारात आल्यापासून होते, तुम्ही घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुना फोन ‘जबरदस्त सवलतीत’ मिळाला तर सातातली पाचच उरली. हिशेबासाठी किमतीला उरलेल्या वर्षांनी भागा. कधीकधी सवलतीतला फोन वर्षाच्या हिशेबाने महाग निघतो.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनना एक लेबल सक्तीचं झालं आहे. त्यावर बॅटरी किती आवर्तनं टिकते, आयपी दर्जा काय, पडल्यावर किती टिकतो हे छापलेलं असतं. बॅटरीने ८०० आवर्तनांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखावी असा तिथला नियम आहे. तेच मॉडेल तिथे विकलं जात असेल तर ते लेबल ऑनलाइन शोधून बघा. प्रदेशानुसार फोनमध्ये फरक असू शकतो, त्यामुळे मॉडेल क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवा.

*नेटवर्क.* ‘फाइव्ह जी आहे’ एवढ्याने भागत नाही. तुमची मोबाइल कंपनी ज्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) सेवा देते ते बँड या मॉडेलमध्ये आहेत का, ते तांत्रिक माहितीत बघा. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरही जाऊ नका. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने २०१९ मध्ये फोर-जी फोनवरच ‘५जी ई’ असं चिन्ह दाखवायला सुरुवात केली होती. २०२० मध्ये तिथल्या जाहिरात आढावा मंडळाने ते दिशाभूल करणारं ठरवलं. कंपनीने जाहिरातीतून शब्द काढायचं मान्य केलं.

चौथी पायरी : पैशाचा हिशेब स्वतः मांडा

इथे विक्रेत्याचा कॅल्क्युलेटर वापरायचा नाही, आपला वापरायचा.

एक्स्चेंजचा आकडा मोठ्या टायपात असतो आणि त्याच्यामागे ‘पर्यंत’ हा शब्द मुंगीएवढा. तो कमाल भाव त्या यादीतल्या सगळ्यात महाग आणि निर्दोष फोनला असतो. तुमच्या फोनचा भाव ठरतो तो फोन हातात घेऊन बघणाऱ्याकडून, आणि ऑनलाइन व्यवहारात तो माणूस दाराशी येतो तेव्हा. स्क्रीनवर डाग, मागची काच तडकलेली, बॅटरी अशक्त, की भाव खाली येतो. नवा फोन तेव्हा समोर असतो आणि ‘‘असू दे, घ्या’’ म्हणायचा मोह होतो. आधीच जुन्या फोनचे चारही बाजूंनी फोटो काढा, दोष खरे सांगून लेखी अंदाज घ्या. मग दोन बेरजा करा : नवा फोन एक्स्चेंजसह कितीला पडतो, आणि एक्स्चेंजविना सगळ्या सवलती घेऊन, जुना फोन वेगळा विकून कितीला पडतो. ‘एक्स्चेंज बोनस’ घेतला की दुसरी सवलत गायब होते, हे अनेकदा या दुसऱ्या बेरजेतच कळतं.

बिनव्याजी हप्त्यांचं उदाहरण घेऊ. फोनची किंमत १०० धरा. रोख देणाऱ्याला ८ ची सूट, म्हणजे ९२. हप्त्यांत घेणाऱ्याला सूट नाही. १०० चे बारा समान हप्ते आणि सुरुवातीला २ प्रक्रिया शुल्क. व्याज कागदावर शून्य. पण तुम्ही ९२ ऐवजी १०२ देताय आणि मुद्दल तर दरमहा कमी होत जातंय. हे वार्षिक दरात बसवलं तर जवळजवळ २० टक्के होतं. ‘‘व्याज किती?’’ असं विचारू नका, ‘‘एकरकमी दिले तर किती आणि हप्त्याने एकूण किती?’’ असं विचारा. फरक त्याच्याच तोंडून बाहेर येतो.

‘मोफत फोन’ मिळतो तेव्हा त्याची किंमत बिलातल्या सवलतीच्या रूपात २४ किंवा ३६ महिन्यांवर पसरलेली असते. मध्येच प्लॅन बदलला किंवा कंपनी सोडली की पुढची सवलत थांबते आणि फोनची उरलेली रक्कम तुमच्या माथी येते. शिवाय ती सवलत मिळावी म्हणून महागडा प्लॅन घ्यावा लागला असेल, तर त्या प्लॅनमधला जास्तीचा खर्च गुणिले महिने ही फोनची खरी किंमत.

‘दरवर्षी नवा फोन’ योजनेत २४ हप्त्यांचा करार असतो. बारा भरले की जुना फोन परत द्यायचा, नवा घ्यायचा, आणि पुन्हा २४ सुरू. दोन वर्षांनी तुम्ही २४ हप्ते भरलेले असता आणि हातातला फोन निम्माच तुमचा असतो. म्हणजे हे भाडं आहे. भाड्याने घेण्यात काही वावगं नाही, फक्त ते खरेदी म्हणून विकलं जातंय हे लक्षात ठेवा. परत देताना फोनची अवस्था कोण ठरवणार आणि ओरखड्याचे किती कापणार, ते सही करण्याआधी वाचा.

विमा किंवा स्क्रीन-संरक्षण योजना बिलात आपोआप घातली जाते. नको असेल तर ओळ खोडून नवं बिल मागा. हवी असेल तर प्रत्येक दाव्याला स्वतःच्या खिशातून किती भरायचे ते बघा.

पाचवी पायरी : घरबसल्या येणारं अपग्रेड

‘‘तुमचा नंबर लवकर अपग्रेडसाठी निवडला गेलाय, एक ओटीपी येईल तेवढा सांगा.’’ हा फोन मोबाइल कंपनीचा नसतो. तो ओटीपी तुमच्या खात्यात शिरण्यासाठी असतो. त्यावरून तुमच्या नावाने महागडा फोन मागवतात. तो तुमच्याच पत्त्यावर येतो आणि मग पुन्हा फोन : ‘‘चुकून दुसरं मॉडेल आलंय, या पत्त्यावर परत पाठवा.’’ फोन त्यांच्याकडे, हप्ते तुमच्याकडे. ई-सिम (फोनमध्येच असलेलं डिजिटल सिम) ‘अपग्रेड’च्या नावाखाली तर थेट तुमचा नंबरच पळवतात. ओटीपी सांगायचा नाही. फोन ठेवायचा आणि बिलावर किंवा अधिकृत ॲपमध्ये असलेल्या नंबरवर आपण स्वतः करायचा.

‘‘जुनं नेटवर्क बंद होतंय, तुमचा फोन चालणार नाही’’ यात मात्र कधीकधी तथ्य असतं. अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी थ्री-जी खरोखर बंद केलं आणि फोर-जीवरून कॉल न करता येणारे फोन निरुपयोगी झाले. फोनच्या सेटिंग्जमध्ये व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरून कॉल करण्याची सोय, चालू होतंय का ते बघा, आणि तुमच्या कंपनीच्या पानावर तारीख शोधा. व्होल्टी चालत असेल तर घाई नाही.

सहावी पायरी : पैसे देण्याआधीची दहा मिनिटं

बिलावर मॉडेल क्रमांक, साठवण, खरी रॅम आणि आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहून घ्या. खोकं दुकानातच उघडा, *#०६# डायल करा आणि स्क्रीनवरचा आयएमईआय, खोक्यावरचा आणि बिलावरचा हे तिन्ही जुळवा. उत्पादकाच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर तो क्रमांक टाका. वॉरंटी चार महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली, तर तो फोन आधी कुणीतरी चालू केलाय, बहुधा डेमोचा. त्यात गैर इतकंच, की तो नव्याच्या भावात विकला जातोय.

विक्रेत्याने दिलेला एखादा शब्द तुमच्या निर्णयात महत्त्वाचा असेल, तर तो मेसेजवर मागा : ‘‘तुम्ही म्हणालात तसं सात दिवसांत बदलून मिळेल, बरोबर ना?’’ त्याचं ‘हो’ आलं की झालं. नाही आलं तर तेही उत्तरच. मामांनी असाच मेसेज केला होता, रॅमबद्दल. उत्तर आलं : ‘सर ८+८’. मग किमतीवर नव्याने बोलणं झालं.

जुना फोन देण्याआधी त्यातली खाती काढा, ‘फाइंड माय’ (आयफोनमधली हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करा, मग फॅक्टरी रिसेट. उलट क्रमाने केलं तर फोन कुलूपबंद राहतो आणि एक्स्चेंजचा भाव अडकतो.

आणि तरीही फसलात तर

परत करण्याची मुदत पहिल्यांदा बघा, कारण ती दिवसांत असते आणि तक्रारी आठवड्यांत चालतात. सर्व्हिस सेंटरकडून दोष लेखी घ्या. तक्रार आधी विक्रेत्याकडे, मग उत्पादकाकडे, मग ग्राहक तक्रार यंत्रणेकडे. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे रक्कम परत मागण्याचा मार्गही असतो, त्यालाही मुदत असते. तक्रारीत रागाचं पुराण नको. कोणतं वाक्य, कधी, कुठे लिहिलेलं, प्रत्यक्ष काय, आणि मला काय हवं. असं काहीसं :

‘‘अमुक तारखेला, अमुक बिल क्रमांकाने फोन घेतला. विक्रीवेळी १६ जीबी रॅम असल्याचं सांगितलं व जाहिरातीत तसं छापलं आहे (फोटो जोडला आहे). फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘८ जीबी + ८ जीबी’ दिसते, म्हणजे खरी रॅम ८ जीबीच (स्क्रीनशॉट जोडला आहे). परत करण्याची मुदत अमुक तारखेपर्यंत आहे. फोन परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. लेखी उत्तर त्या तारखेच्या आत हवं.’’